लक्ष मोजणारा हेडसेट: कुठे खरा, कुठे नुसता खेळ

मुलाचं लक्ष लागत नाही, प्रश्न पुरता ऐकायच्या आत उत्तर देतं, रांगेत उभं राहवत नाही, अशी तक्रार घेऊन पुण्यातल्या एखाद्या बालविकास केंद्रात गेलात, तर प्रश्नावल्या आणि ठोकळ्यांच्या जोडीला आता ‘व्हीआर टेस्ट’ही, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात घेतलेली चाचणी, सुचवली जाऊ शकते. मूल खुशीत बाहेर येतं, अहवाल रंगीत असतो, त्यामुळे पालकांनाही ती आवडते. आमचं मत आधीच सांगून टाकतो. लक्ष टिकतं की नाही हे बघायला ही तपासणी चांगली आहे, काही बाबतींत साध्या संगणकावरच्या चाचणीपेक्षा सरसच. उतावळेपणा मोजायला मात्र ती जेमतेम आहे. आणि गंमत अशी, की अहवालात बऱ्याचदा त्याचाच आलेख सगळ्यात मोठा आणि लाल रंगात छापलेला असतो.

केंद्रांची नावं इथे देत नाही. एकाच सॉफ्टवेअरवर एका ठिकाणी नीट काम होतं आणि दुसरीकडे त्याचाच बट्ट्याबोळ होतो, तेव्हा तपासायची ती पद्धत.

या सगळ्याचं मूळ १९५६ सालचं. रॉस्वोल्ड आणि सहकाऱ्यांनी मेंदूला इजा झालेल्या रुग्णांसाठी ‘कंटिन्युअस परफॉर्मन्स टेस्ट’ केली, तीच आजची सीपीटी. अक्षरं एकामागून एक येतात, ठरलेलं अक्षर आलं की बटण दाबायचं. बास, एवढंच. ‘कॉनर्स’ या प्रचलित सीपीटीच्या तिसऱ्या आवृत्तीत १४ मिनिटांत ३६० अक्षरं येतात. टोव्हा चाचणीत तर अक्षरंही नाहीत, नुसते चौकोन, आणि ते २१.६ मिनिटं चालतात. तिच्या पहिल्या अर्ध्या भागात बटण दाबायचे प्रसंग २२.५ टक्के, दुसऱ्या भागात ७७.५ टक्के. ही रचना कळली की कुठल्याही अहवालाचं मर्म कळतं. क्वचितच काही करायचं असतं तेव्हा मन भटकतं आणि निशाण सुटतं, ते लक्षाचं माप. सतत दाबायची हाताला सवय लागली की थांबायच्या वेळीही बोट पुढे जातं, ते उतावळेपणाचं.

२००० च्या आसपास सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात स्किप रिझो यांच्या गटाने हीच चाचणी आभासी वर्गात नेली. मूल बाकावर, समोर फळा, फळ्यावर अक्षरं आणि आजूबाजूला वर्गातले उद्योग. स्पेनच्या नेस्प्लोरा कंपनीची ‘आउला’ त्याच वाटेवरची, ६ ते १६ वयासाठी. तीत आधी सांगतात, ‘सफरचंद सोडून काहीही दिसलं किंवा ऐकू आलं की दाब’, आणि मग उलट, ‘फक्त सात आला की दाब’. डोळे आणि कान दोन्ही एकाच बैठकीत तपासले जातात, ही तिची जमेची बाजू. फिनलंडमध्ये तयार झालेल्या ‘एपेली’त वर्ग नाही, घर आहे. सांगितलेली कामं लक्षात ठेवून मूल घरभर फिरतं आणि ती पुरी करतं. किती कामं झाली याइतकंच, नसत्या किती वस्तूंना हात लावला हेही त्यात बोलकं असतं.

आता हेडसेटमुळे वेगळं काय मिळतं ते. साध्या संगणकावर मुलाचं एक अक्षर सुटलं, तर ते खिडकीकडे बघत होतं की फळ्याकडे डोळे लावून मनात भलतंच चाललं होतं, हे आकड्यांवरून कळत नाही. हेडसेट डोक्याची दिशा सेकंदाला कित्येक वेळा नोंदवतो. वर्गाचं दार वाजलं, मान दाराकडे वळली, त्याच वेळी अक्षर सुटलं: हे एक प्रकारचं सुटणं. मान फळ्याकडेच, कुठलाही अडथळा नाही, तरी लागोपाठ तीन अक्षरं सुटली: हे दुसरं. पहिल्याला पुढच्या बाकावर, दारापासून लांब बसवलं तर फरक पडायची शक्यता असते. दुसऱ्याला जागा बदलून काडीचा उपयोग होत नाही. त्याची झोप बघा, आणि एकटक बघत हरवण्याचे झटके तर येत नाहीत ना, हे मेंदूविकारतज्ज्ञाकडून तपासून घ्या. एवढ्या एका भेदासाठी आम्ही या चाचणीला चांगले गुण देतो.

मात्र अहवालात ‘डोळ्यांच्या हालचालींचं विश्लेषण’ असं लिहिलं असेल तर हेडसेट कुठला होता ते विचारा. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ आणि क्वेस्ट ३ या हेडसेटमध्ये डोळ्यांवर नजर ठेवणारे कॅमेरे नाहीत. क्वेस्ट प्रो, व्हाइव्ह प्रो आय यांत आहेत. क्वेस्ट ३ वर चाचणी करून डोळ्यांचा नकाशा कोणी हातात ठेवला, तर तो मानेचा नकाशा आहे.

नुसती हालचाल मोजायची तर हेडसेटच लागतो असंही नाही. क्यूबीटेस्टमध्ये कपाळावर एक चकाकता ठिपका बांधतात, समोरचा इन्फ्रारेड कॅमेरा त्याची हालचाल टिपतो आणि मूल साध्या पडद्यासमोर बसतं. निदानाला मदत म्हणून ६ ते १७ वयासाठी ती वापरायला इंग्लंडच्या ‘नाइस’ या आरोग्यसेवेला शिफारशी करणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये मान्यता दिली. तेव्हा एखाद्या केंद्रात हेडसेट नाही म्हणून ते मागासलेलं ठरत नाही.

मुख्य अडचण ‘खेळ’ या शब्दापाशीच सुरू होते. सीपीटी कंटाळवाणी आहे, आणि ती कंटाळवाणी आहे म्हणूनच चालते. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता, उतावळेपणा यांचा विकार) असलेलं मूल आवडीच्या, नव्या, लगेच बक्षीस देणाऱ्या गोष्टीत तासभर रमू शकतं. हे प्रत्येक आईला माहीत असतं आणि ‘मोबाइलवर बरं लक्ष लागतं!’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. म्हणून चाचणीत नाणी खणखणायला लागली, प्रत्येक बरोबर उत्तराला तारे उडाले, टप्पे पार व्हायला लागले, की त्या मुलाची कामगिरी सुधारते आणि अडचण झाकली जाते. खेळ जितका रंजक, तपासणी तितकी पोकळ. निवड करताना पालकांनी मूल रमलं का हे बघू नये. उलट शेवटच्या पाच मिनिटांत ते वैतागलं होतं का, चुळबुळत होतं का, ‘संपलं का?’ असं विचारत होतं का, ते बघावं. नसेल, तर बहुधा चाचणीची धार गेली आहे.

इथेच एक घोळ वारंवार दिसतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०२० मध्ये ८ ते १२ वयासाठी ‘एंडेव्हरआरएक्स’ या खेळाला परवानगी दिली. तो उपचाराचा खेळ आहे, निदानाचा नाही, आणि तो टॅबलेटवर चालतो, हेडसेटवर नव्हे. त्या परवानगीचा दाखला देऊन कोणी व्हीआर तपासणी विकत असेल, तर दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधली जाते आहे.

बैठक कशी व्हावी, ते जरा बारकाईने. खुर्ची चार पायांची, न फिरणारी हवी. चाकांच्या फिरत्या खुर्चीवर मूल मान न वळवता अख्खं अंग वळवतं, खुर्चीच डुलवत राहतं, आणि मग हालचालीचा आलेख मुलाचा की खुर्चीचा हे सांगता येत नाही. पाय जमिनीला टेकले पाहिजेत. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी पाट किंवा छोटं स्टूल ठेवावं. हेडसेट आधी मागे टेकवून मग पुढे उतरवायचा, वरचा पट्टा आवळायचा, आणि लगेच एक ओळ वाचायला लावायची. ‘दिसतंय का?’ असं विचारून उपयोग नाही, मुलं ‘हो’च म्हणतात. अक्षरं वाचून दाखवली तरच दिसतंय असं समजा.

भिंगांमधलं अंतर हा दुर्लक्षित मुद्दा. क्वेस्ट २ मध्ये ते ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच खुणांवर बसतं. लहान मुलांच्या बुबुळांमधलं अंतर पुष्कळदा ५८ पेक्षा कमी असतं. मग चित्र किंचित धूसर, दहाव्या मिनिटाला डोकं जड, आणि शेवटच्या भागात चुका वाढतात. अहवाल म्हणतो, ‘कालांतराने लक्ष घसरतं’. लक्ष नव्हे, डोळे दमले होते! मेटा कंपनीची स्वतःची वयोमर्यादा १० वर्षांची आहे, तीही पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यासाठी. सहा वर्षांच्या मुलाला हा हेडसेट लावायचा तर कोणाच्या जबाबदारीवर, हे केंद्राने लेखी सांगावं. चष्मा असेल तर तो घालूनच चाचणी करायची आणि आत स्पेसर (चष्म्यापुरती जागा ठेवणारी कडी) लावायचा. मुलींच्या कपाळावरची टिकली आधी काढून ठेवावी, ती फोमखाली दुमडते आणि मूल सारखं तिथेच बोट घालतं. तेल चोपडलेल्या केसांवरून पट्टा हळूहळू सरकतो. हेडसेट कपाळावरून घसरला की आतल्या सेन्सरला वाटतं काढून ठेवला, आणि पडदा मध्येच काळा.

पावसाळ्यात भिंगांवर वाफ धरते. खोली आधी दहा मिनिटं थंड करून, हेडसेट चालू ठेवून गरम होऊ दिला तर ती कमी होते. भिंगं कोरड्या मायक्रोफायबरने पुसायची, स्पिरिटने नाही. प्लास्टिकवरचा थर उडतो. स्पिरिटचा बोळा फक्त सिलिकॉनच्या आवरणाला. डोक्याला कागदी टोपी घालत नसतील तर मागून घ्या, उवांचं वेगळं सांगायला नको.

खोलीत झगझगीत ऊन नको, मिट्ट काळोखही नको. हे हेडसेट स्वतःच्या कॅमेऱ्यांनी खोली बघून आपली जागा ठरवतात. समोर भिंतभर आरसा किंवा कोरी पांढरी भिंत असेल तर ते गोंधळतात आणि वर्ग हलल्यासारखा वाटतो. सीमारेषेची सूचना मध्येच झळकली, अपडेटचा संदेश आला, कंट्रोलरची बॅटरी संपत आली, तर ती मिनिटं बाद धरायला हवीत. बाद धरली का, हे विचारणारे पालक थोडे असतात.

आणि एक भलताच साधा दोष: मुलाला आत काय दिसतंय ते आई-बाबांना दाखवण्यासाठी चित्र टॅबलेटवर पाठवणं. त्याने हेडसेटवरचा भार वाढतो, फ्रेम गळतात. ७२ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ७२ चित्रं दाखवताना, एक फ्रेम जवळपास १४ मिलिसेकंदांची. सरासरी प्रतिसाद साडेचारशे मिलिसेकंद असेल तर दोन-तीन फ्रेम इकडेतिकडे झाल्याने सरासरी फारशी बिघडत नाही. पण या चाचणीतला सगळ्यात कामाचा आकडा सरासरी नाहीच, तो प्रतिसादांतला चढउतार आहे. एकदा ३५०, एकदा ८००, पुन्हा ४००, असं मूल जेव्हा हेलकावतं तेव्हा ते लक्ष सुटण्याचं सगळ्यात भरवशाचं चिन्ह समजलं जातं. यंत्रच हेलकावत असेल तर ते हेलकावे मुलाच्या नावावर जमा होतात. टोव्हाचं साधं दिसणारं बटण एका मिलिसेकंदाच्या अचूकतेसाठी वेगळं बनवलेलं असतं ते याच कारणाने. व्हीआर कंट्रोलरचा ट्रिगर आत दाबत न्यावा लागतो, कुठल्या क्षणी ‘दाबला’ धरायचं ते सॉफ्टवेअर ठरवतं. म्हणून ट्रिगरपेक्षा अंगठ्याखालचं बटण बरं, आणि आई-बाबांनी टॅबलेटचा हट्ट सोडलेला बरा.

आता उतावळेपणा. समजा दोन मुलांनी नको तिथे बारा-बारा वेळा बटण दाबलं. एकाचा सरासरी प्रतिसाद ३२० मिलिसेकंद, दुसऱ्याचा ६००. पहिल्याने वेगासाठी अचूकतेवर पाणी सोडलं. कदाचित तो रोज मोबाइलवर गोळीबाराचे खेळ खेळतो आणि लवकर दाबणं म्हणजे जिंकणं हे त्याच्या हाताला माहीत आहे. दुसरा हळू आहे, तरी चुकतो; त्याला सूचना समजली नसेल किंवा ‘कधी दाबायचं’ हेच तो विसरत असेल. अहवालात दोघांना एकच लाल पट्टी. १०० मिलिसेकंदांच्या आतले प्रतिसाद तर चित्र बघून दिलेलेच नसतात, ते अंदाजाने मारलेले असतात; ते वेगळे मोजले नाहीत तर सगळाच हिशेब चुकतो.

थांबण्याची क्षमता खरंच मोजायची तर त्यासाठी वेगळी चाचणी आहे. बाण आला की दाबायचं, पण मध्येच आवाज झाला तर हात आवरायचा. मूल आवरू शकलं की पुढचा आवाज ५० मिलिसेकंद उशिरा येतो, नाही आवरलं की तितकाच लवकर. अशी शिडी चढत-उतरत थांबायला किती वेळ लागतो ते काढतात. २०१९ मध्ये या विषयातल्या संशोधकांनी एकत्र येऊन जी शिफारस केली, तिच्यानुसार असे थांबण्याचे प्रसंग निदान ५० हवेत. एखाद्या खेळात ते दहा-बाराच असतील, तर त्यातून निघालेल्या आकड्यावर काही ठरवू नये.

शिवाय पालकांची तक्रार बोटाची नसतेच. मूल मध्येच बोलतं, रस्ता बघत नाही, आज दिलेले पन्नास रुपये त्याला महिन्याने मिळणाऱ्या शंभरांपेक्षा हवेसे वाटतात. हा निवडीतला उतावळेपणा, तो बोटातला. दोन्ही एकाच मुलात असतीलच असं नाही, आणि प्रश्नावलीतला उतावळेपणा व बटणावरचा उतावळेपणा यांचा मेळ अभ्यासांतही फारसा बसत नाही. म्हणून हेडसेटने ‘उतावळा नाही’ असं सांगितलं तरी वर्गशिक्षिका रोज बघतात ते खोटं ठरत नाही.

पुण्यात राहून ही चाचणी घ्यायची तर दोन गोष्टी खास. एक, आवाज. जुलै-ऑगस्टमध्ये ढोलपथकांचा सराव सुरू झाला की नदीकाठच्या, पेठांतल्या केंद्रांमध्ये संध्याकाळी कानाने द्यायच्या चाचणीला अर्थ उरत नाही. हेडसेटचे उघडे स्पीकर पुरत नाहीत, कान पूर्ण झाकणारे हेडफोन हवेत आणि वेळ सकाळची. दोन, भाषा. परदेशी सॉफ्टवेअरमधले शब्द परक्या उच्चारात येतात. मराठी माध्यमातल्या मुलाने शब्द ओळखायला क्षणभर जास्त घेतला तर तो उशीर त्याच्या लक्षाच्या खात्यात जातो. त्या वर्गातले अडथळेही परके: तिकडची शाळा, तिकडची बस. वर्गाबाहेर रिक्षाचा हॉर्न, मधल्या सुट्टीच्या घंटेआधी वाजणारे डबे, शिपाईमामा नोटीस घेऊन दारात, ही आपल्या मुलांची ओढ. ती चित्रात नाही. त्यात तुलना कोणाशी, हा प्रश्न आलाच. ‘वयाच्या मानाने ९० वा शतमानक (पर्सेंटाइल)’ लिहिलं असेल, तर कुठल्या देशातल्या मुलांच्या मानाने, हे अहवालात छापलेलं असावं. नसेल तर तो आकडा बाजूला ठेवून मुलाचे स्वतःचेच भाग एकमेकांशी ताडून बघा: पहिली पाच मिनिटं विरुद्ध शेवटची पाच, अडथळ्यासह विरुद्ध अडथळ्याविना, डोळ्यांचं विरुद्ध कानांचं. ही तुलना कुठल्याही देशात खरी.

अहवाल घेताना कच्चे आकडे मागून घ्या: किती सुटले, किती नको तिथे दाबले, सरासरी किती, चढउतार किती, प्रत्येक भागात किती. ‘लक्ष: ६२ टक्के’ अशी एकच ओळ कोणी देत असेल तर तो कागद निरुपयोगी. मुलाच्या हालचालींची नोंद कुठल्या सर्व्हरवर जाते तेही विचारा. डोक्याच्या आणि हातांच्या हालचालींवरून माणूस ओळखता येतो, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती पडताळून घेण्याची तरतूद आहे. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरातली खूण म्हणजे ती संमती नव्हे.

निदान या चाचणीने होत नाही, हे चांगली केंद्रं स्वतःहून सांगतात. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेप्रमाणे एका गटातल्या नऊपैकी निदान सहा लक्षणं, १७ वर्षांपासून पुढे पाच, किमान सहा महिने, १२ व्या वर्षाआधीपासून काही, आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. ते बघायला पालकांशी, शिक्षकांशी बोलावं लागतं. बालमानसोपचारतज्ज्ञ, विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हेच ते करतात. परीक्षेतल्या सवलतीसाठीही हा अहवाल घेऊन शाळेत गेलात तर हात हलवत परत याल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी वेगळी नोंदलेली नाही. बोर्डाच्या सवलतींसाठी लागतं ते सक्षम वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र.

जायचं ठरलंच तर आदल्या रात्री झोप पुरी हवी. सर्दीसाठी क्लोरफेनिरामाइनसारखं झोप आणणारं औषध चालू असेल तर तारीख पुढे ढकला. प्रतिसाद संथ येतो आणि नसती शंका निघते. क्लास करून थकलेल्या मुलाला संध्याकाळी सात वाजता नेऊ नका. चहा-कॉफी नेहमी घेत असेल तर नेहमीइतकीच. फिट येण्याचा इतिहास असेल तर हेडसेट लावण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना विचारणं भागच आहे. मेथिलफेनिडेट ही एडीएचडीवरची गोळी चालू असेल तर गोळी घेऊन चाचणी की न घेता, हे डॉक्टरांनी ठरवायचं, रिसेप्शनवरच्या ताईंनी नाही, आणि जे ठरेल ते अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवं.

गोळीचा फरक बघायला पुन्हा चाचणी करायची असेल तर तोच हेडसेट, तीच वेळ, तीच खुर्ची. साध्या, लवकर उतरणाऱ्या गोळीचा परिणाम सुमारे ४ तास टिकतो, त्यामुळे गोळी किती वाजता दिली हे लिहून न्या. दुसऱ्या वेळी मुलाला वर्ग ओळखीचा असतो, दार कधी वाजणार तेही आठवत असतं, तेव्हा अडथळ्यांच्या वेळच्या चुका थोड्या कमी झाल्या तर ते श्रेय गोळीचं नाही. चढउतार कमी झाला का, तेवढं बघा.